अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील पास-संरक्षण आणि क्वार्टरबॅकची कामगिरी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अमेरिकेतील विद्यापीठीय जीवनाचा इतिहास तेथील फुटबॉल वगळून लिहिता येत नाही. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळला जाणारा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावत अथवा फेकत प्रतिपक्षाच्या हद्दीत नेण्याचा तो खेळ होय. या खेळातील सर्वांत प्रसिद्ध खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. विजयाचे श्रेय त्यालाच मिळते आणि पराभवाचा दोषही त्याच्याच माथी येतो. त्याच्या कामगिरीची नोंद पास, यार्ड आणि टचडाउन यांच्या आकड्यांत ठेवली जाते. तथापि हे आकडे घडविण्यासाठी त्याला जे दोन-तीन सेकंद लागतात, ते त्याच्यापुढे उभे असलेले पाच खेळाडू मिळवून देतात. त्यांच्या या कार्यास पास-संरक्षण असे म्हणतात.

पास-संरक्षणाचा विकास कसा झाला, क्वार्टरबॅकच्या कामगिरीवर त्याचा कोणता परिणाम झाला आणि अधिकृत नोंदींत त्याला कोणते स्थान मिळाले, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. क्वार्टरबॅकच्या नावे नोंदली जाणारी कामगिरी बऱ्याच अंशी सामूहिक श्रमाचे फळ असते. परंतु नोंदीची पद्धती प्रारंभापासून व्यक्तिकेंद्री राहिल्याने हे श्रम इतिहासात अदृश्य राहिले, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे.

खेळाची रचना आणि पास-संरक्षणाचे स्वरूप

दोन्ही संघांचे प्रत्येकी अकरा खेळाडू मैदानावर असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघास चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी दोन्ही संघ चेंडूच्या रेषेवर समोरासमोर उभे राहतात. मधला खेळाडू म्हणजे सेंटर चेंडू पायांमधून मागे क्वार्टरबॅककडे देतो. सेंटरच्या दोन्ही बाजूंस एकेक गार्ड व त्यांच्या बाहेर एकेक टॅकल असे हे पाच जण आक्रमक फळीचा गाभा होत. सामान्यतः त्यांना पास झेलण्याची परवानगी नसते. प्रतिपक्षास अडवणे एवढेच त्यांचे काम असते.

पास टाकावयाचा असेल तेव्हा हे पाच जण किंचित मागे सरकत क्वार्टरबॅकभोवती अर्धवर्तुळाकार कडे करतात. या सुरक्षित जागेला पॉकेट म्हणतात. प्रतिपक्ष बहुधा चार खेळाडूंनिशी चाल करून येतो. पाच संरक्षकांना चौघांना थोपवणे शक्य असते. प्रतिपक्षाने पाच, सहा किंवा अधिक खेळाडू पाठविल्यास धावपटूस अथवा फळीच्या टोकाच्या खेळाडूस संरक्षणासाठी मागे ठेवावे लागते. असे केल्याने पास झेलणाऱ्यांची संख्या तेवढ्याने घटते. म्हणजेच संरक्षण आणि पासाचे पर्याय यांच्यात नेहमीच देवाणघेवाण असते. पास टाकण्यापूर्वीच क्वार्टरबॅक खाली पाडला गेला तर त्यास सॅक म्हणतात. परंतु सॅक हे अपयशाचे केवळ शेवटचे टोक होय. घाईने टाकलेला पास, पाय न रोवता केलेली फेक, दूरचा मोकळा सहकारी न दिसणे, ही सर्व त्याच अपयशाची सौम्य रूपे आहेत आणि त्यांची संख्या सॅकपेक्षा कितीतरी अधिक असते.

फॉरवर्ड पासचा उदय : १९०६ ते १९४५

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ अत्यंत हिंसक बनला होता. खेळाडू एकमेकांत हात गुंफून झुंडीने प्रतिपक्षावर तुटून पडत. १९०५ च्या हंगामात मैदानावरील मृत्यूंमुळे देशभर संताप उसळला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण करून सुधारणेचा आग्रह धरला. त्यानंतरच्या हालचालींतून महाविद्यालयांची जी संघटना उभी राहिली, तिला १९१० मध्ये नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन अर्थात एनसीएए हे नाव मिळाले. खेळ मोकळा व्हावा या हेतूने १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास, म्हणजेच फॉरवर्ड पासला, मान्यता देण्यात आली.

ही मान्यता सावधपणे दिलेली होती. सेंटरच्या डावी-उजवीकडे किमान पाच यार्ड अंतरावरूनच पासने रेषा ओलांडावी असे बंधन होते आणि कोणीही न झेललेला पास जमिनीवर पडल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जाई. ५ सप्टेंबर १९०६ रोजी सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सन याने विस्कॉन्सिनमधील कॅरल कॉलेजविरुद्ध टाकलेला पास हा या नियमांखालील पहिला फॉरवर्ड पास मानला जातो. तो खाली पडला व नियमाप्रमाणे चेंडू गमवावा लागला. त्याच सामन्यात पुढे त्याचा दुसरा पास यशस्वी ठरला.

१९१० मध्ये सात खेळाडूंनी रेषेवर उभे राहणे सक्तीचे झाले. हात गुंफणे व चेंडू नेणाऱ्यास ढकलणे निषिद्ध ठरले. १९१२ मध्ये चौथा प्रयत्न देण्यात आला. या दोन नियमांनी आधुनिक खेळाचा सांगाडा तयार केला. १ नोव्हेंबर १९१३ रोजी नोत्र दाम विद्यापीठाने लष्करी अकादमीच्या आर्मी संघाचा ३५-१३ असा पराभव केला. गस डोराईस आणि नूट रॉकनी या जोडीच्या पासांमुळे हा सामना गाजला व पासचे सामर्थ्य देशाच्या लक्षात आले. लोकस्मृतीत पास टाकणारा व झेलणारा हे दोघेच राहिले. डोराईसला वेळ मिळवून देणाऱ्या फळीचा उल्लेख क्वचितच होतो. श्रेयाच्या विषम वाटणीचा हा प्रारंभीचा नमुना म्हणता येईल.

यापुढील तीन दशकांत पास हे प्रामुख्याने चकवा देण्याचे साधन राहिले. स्वतंत्र असे संरक्षणाचे तंत्र निर्माण होण्यास तेव्हा वाव नव्हता. रेषेच्या मागे कोठूनही पास टाकण्याची मुभा व्यावसायिक खेळात १९३३ मध्ये आणि महाविद्यालयीन खेळात १९४५ मध्ये मिळाली. दरम्यान, १९४० च्या हंगामात क्लार्क शॉनेसी यांच्या मार्गदर्शनाखाली स्टॅनफर्डने टी रचना यशस्वी करून दाखविली. या रचनेत क्वार्टरबॅक सेंटरच्या लगत मागे उभा राहून चेंडू घेतो. पास टाकणारा कोठे असेल हे निश्चित झाल्यामुळे त्याच्याभोवती संरक्षणाची आखणी करणे प्रथमच शक्य झाले.

पॉकेट आणि विशेषज्ञ फळी

पॉकेटचे तंत्र पद्धतशीरपणे शिकविण्याचे श्रेय सामान्यतः पॉल ब्राउन यांना दिले जाते. ओहायो स्टेट विद्यापीठात प्रशिक्षक राहिलेल्या ब्राउन यांनी १९४६ पासून क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघात या तंत्राचा पुरस्कार केला. फळीने पुढे धडक देण्याऐवजी मागे सरकत कप्प्यासारखे कडे करावे, ही कल्पना त्या काळी रूढ असलेल्या पुरुषार्थाच्या कल्पनेस छेद देणारी होती. मागे सरकणे म्हणजे माघार, असे मानणाऱ्या खेळाडूंना मागे सरकण्यातील शिस्त शिकवावी लागली.

दुसरा बदल खेळाडू बदलण्याच्या नियमांचा होता. महाविद्यालयीन खेळात १९५३ पासून बहुतेक खेळाडूंना आक्रमण व बचाव अशी दोन्ही कामे करावी लागत. १९६५ मध्ये मुक्त बदलांना पुन्हा वाव मिळाल्यावर दोन स्वतंत्र संघ तयार झाले. केवळ संरक्षणाचाच सराव करणारा विशेषज्ञ लाइनमन ही या नियमाची निर्मिती होय. आज आघाडीच्या विद्यापीठांत या खेळाडूंचे वजन तीनशे पौंडांच्या, म्हणजे सुमारे १३६ किलोग्रॅमच्या, आसपास असते.

तिसरा आणि कदाचित सर्वांत निर्णायक बदल हातांच्या वापरासंबंधी होता. पूर्वी संरक्षकास हात छातीशी धरून, कोपर व खांद्यांच्या बळावर प्रतिपक्षास थोपवावे लागे. चाल करून येणाऱ्यास मात्र हात मोकळे असत. महाविद्यालयीन नियमांनी १९७६ मध्ये पास-संरक्षणासाठी हात अर्धवट लांबविण्याची, १९८० मध्ये मागे सरकताना ते पूर्ण लांबविण्याची आणि १९८५ मध्ये मैदानावर कोठेही उघड्या तळव्यांनी व लांब हातांनी अडविण्याची मुभा दिली. व्यावसायिक खेळाने अशीच मोकळीक १९७८ मध्ये दिली होती. धरून ठेवणे हा मात्र गुन्हाच राहिला. या लहान वाटणाऱ्या बदलांनी संरक्षकाचे पारडे जड केले.

याच काळात ब्रिगम यंग विद्यापीठाचे प्रशिक्षक लाव्हेल एडवर्ड्स यांनी पासप्रधान खेळाची परंपरा उभी केली. १९७२ ते २००० या प्रदीर्घ कारकिर्दीत त्यांच्या संघाने २५७ सामने जिंकले आणि १९८४ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. गिफर्ड नील्सन, मार्क विल्सन, जिम मॅकमहन, स्टीव्ह यंग, रॉबी बॉस्को, टाय डेटमर असे नामवंत क्वार्टरबॅक एकाच संस्थेतून एकामागून एक पुढे आले. डेटमरला १९९० मध्ये हाइजमन करंडक मिळाला. एकाच ठिकाणी लागोपाठ इतके प्रतिभावंत निपजणे हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे. व्यक्ती बदलत होत्या. टिकून होती ती पद्धती, आणि पाचही संरक्षकांनी एका विचाराने हालचाल करणे हे त्या पद्धतीचे अंग होते.

पुढे हॅल मम्मी व माइक लीच यांनी या परंपरेतून एअर रेड नावाची शैली घडविली. टेक्सास टेक येथे लीच यांनी २००० ते २००९ या काळात फळीतील खेळाडूंमधील अंतर वाढविले. परिणामी कडेने चाल करणाऱ्यास क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचण्यास अधिक अंतर कापावे लागे. शिवाय चेंडू लवकर सुटावा अशीच पासांची आखणी असे. २००३ मध्ये तेथील बी. जे. सिमन्स याने एका हंगामात ५,८३३ यार्डांचा उच्चांक नोंदविला, तो २०२१ पर्यंत अबाधित राहिला. संरक्षण म्हणजे केवळ बळ नव्हे, अंतर आणि वेळ यांचे ते नियोजन आहे, हे या शैलीने दाखवून दिले.

नोंदीची पद्धती आणि तिचे मौन

क्वार्टरबॅकचे मोजमाप कसे झाले हे पाहणे येथे उद्बोधक ठरते. प्रदीर्घ काळ पूर्ण झालेल्या पासांच्या संख्येवरून देशातील अग्रणी ठरविला जाई. १९७९ पासून एनसीएएने पास-कार्यक्षमतेचा निर्देशांक स्वीकारला. त्यात मिळविलेल्या यार्डांना ८.४ ने, टचडाउन-पासांना ३३० ने व पूर्ण पासांना १०० ने गुणून बेरीज करतात; प्रतिपक्षाने झेललेल्या पासांना २०० ने गुणून ती संख्या वजा करतात आणि उत्तरास एकूण पास-प्रयत्नांनी भागतात.

या सूत्रात सॅकला कोठेही स्थान नाही. महाविद्यालयीन पद्धतीत सॅकमुळे गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यात वजा केले जातात. त्यामुळे एक विचित्र परिस्थिती उद्भवते. संरक्षण कोसळत असताना क्वार्टरबॅकने समजूतदारपणे चेंडू बाहेर फेकून दिला तर त्याचा निर्देशांक घटतो. तोच चेंडू धरून तो खाली पडला तर निर्देशांकास धक्का लागत नाही. संघाच्या दृष्टीने अधिक हानिकारक असलेली कृती व्यक्तीच्या नोंदीत निरुपद्रवी ठरते. बचाव करणाऱ्या खेळाडूंच्या नावे सॅकची अधिकृत नोंद एनसीएएने २००० पासून सुरू केली. सॅक घडविणाऱ्याचे नाव नोंदले जाऊ लागले, सॅक टाळणाऱ्याचे नाही. जे घडले नाही त्याची नोंद कशी ठेवावी, हा इतिहासलेखनातील जुना प्रश्न येथे वेगळ्या वेषात समोर येतो.

पुरस्कारांची कहाणीही याच दिशेची आहे. १९३५ पासून दिला जाणारा हाइजमन करंडक आक्रमक फळीच्या आतील पाच स्थानांवर खेळण्यासाठी आजवर कोणालाही मिळालेला नाही. १९७३ मध्ये ओहायो स्टेटचा टॅकल जॉन हिक्स दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला, एवढेच. १९४६ पासूनचा आउटलँड करंडक आतील लाइनमनसाठी आहे. परंतु तो बचावातील खेळाडूंनाही मिळतो. संपूर्ण आक्रमक फळीस एकत्रितपणे गौरविणारा जो मूर पुरस्कार २०१५ मध्ये सुरू झाला. म्हणजे फॉरवर्ड पासला मान्यता मिळाल्यानंतर तब्बल १०९ वर्षांनी. २०१९ मध्ये हा पुरस्कार लुइझियाना स्टेटच्या फळीस मिळाला. त्याच संघाच्या जो बरो याने त्या हंगामात ६० टचडाउन-पास टाकून हाइजमन करंडक पटकावला. हे दोन सन्मान एकाच मैदानावरील एकाच कार्याचे दोन भाग होत.

एका आठवड्यातील दोन सामने

संरक्षणाचा परिणाम समजून घेण्यासाठी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०२३ च्या हंगामाचा विचार उपयुक्त आहे. क्वार्टरबॅक मायकेल पेनिक्स याच्या इंडियाना विद्यापीठातील चारही हंगामांचा शेवट दुखापतीने झाला होता. २०२२ मध्ये तो वॉशिंग्टनला आला आणि तेथे दोन्ही हंगामांत निरोगी राहून त्याने साडेचार हजारांहून अधिक यार्ड मिळविले. २०२३ चा जो मूर पुरस्कार वॉशिंग्टनच्या फळीला मिळाला. पेनिक्स डावखुरा आहे. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे असते, म्हणून डावा टॅकल हा सर्वांत मोलाचा मानला जातो. पेनिक्सच्या बाबतीत मात्र न दिसणारी बाजू उजवीकडे होती आणि ती सांभाळण्याची जबाबदारी उजवा टॅकल रॉजर रोझेनगार्टन याच्यावर होती.

१ जानेवारी २०२४ रोजी शुगर बाउलमध्ये वॉशिंग्टनने टेक्सासला ३७-३१ असे हरविले. त्या वर्षीच्या आउटलँड करंडकाचा मानकरी, टेक्सासचा टव्हाँड्रे स्वेट, समोर असूनही पेनिक्सला पुरेसा वेळ मिळत राहिला. त्याने ३८ पैकी २९ पास पूर्ण करून ४३० यार्ड व दोन टचडाउन मिळविले. बरोबर एका आठवड्याने, ८ जानेवारी रोजी, अजिंक्यपदाच्या सामन्यात मिशिगनने वॉशिंग्टनचा ३४-१३ असा पराभव केला. या वेळी पेनिक्सचे ५१ पैकी २७ पास पूर्ण झाले. यार्ड २५५, टचडाउन एक आणि प्रतिपक्षाने झेललेले पास दोन. वरील सूत्राने हिशेब केल्यास पहिल्या सामन्याचा निर्देशांक १८८.७ येतो, तर दुसऱ्याचा ९३.६. म्हणजे सात दिवसांत तो निम्म्यावर आला.

क्वार्टरबॅक तोच होता, पास झेलणारे तेच होते, फळीही तीच पुरस्कारप्राप्त होती. मिशिगनच्या नावे सॅक एकच लागला. केवळ तो रकाना पाहणाऱ्यास संरक्षण उत्तम होते असेच वाटेल. प्रत्यक्षात मिशिगनच्या आघाडीने पॉकेट वारंवार आकुंचित केले. पेनिक्सला घाईने आणि तोल सांभाळत फेकावे लागले, दूरचे पास चुकत गेले. संरक्षणाचे अपयश सॅकमध्ये कमी आणि अपूर्ण पासांत अधिक दडलेले असते, हे येथे स्पष्ट होते. आणि ते अपूर्ण पास नोंदले गेले पेनिक्सच्याच नावावर.

विवेचनाच्या मर्यादा

अर्थात दोन सामन्यांवरून सर्वसाधारण सिद्धान्त मांडता येत नाही. मिशिगनचा बचाव टेक्सासपेक्षा सरस होता आणि त्या सामन्यात पेनिक्स शारीरिक वेदना सोसत खेळला. शिवाय संरक्षण व क्वार्टरबॅक यांचे नाते एकेरी नाही. चेंडू फार वेळ धरून ठेवणारा क्वार्टरबॅक चांगल्या फळीलाही अपयशी ठरवितो. उलट, प्रतिपक्षाची मांडणी आधीच ओळखून चेंडू झटकन सोडणारा क्वार्टरबॅक सामान्य फळीचे दोष झाकतो. जो बरो याचेच उदाहरण घ्यावयाचे तर, व्यावसायिक खेळात जानेवारी २०२२ मध्ये टेनेसीविरुद्ध नऊ वेळा सॅक होऊनही त्याचा संघ जिंकला. तेव्हा सर्व श्रेय फळीस देणे हे सर्व श्रेय क्वार्टरबॅकला देण्याइतकेच एकांगी ठरेल. श्रेय विभागून मोजण्याचे साधन अधिकृत नोंदींनी घडविले नाही, एवढाच येथील मुद्दा आहे.

समारोप

हा प्रश्न केवळ क्रीडाप्रेमींच्या कुतूहलाचा राहिलेला नाही. १ जुलै २०२१ पासून अमेरिकन महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेता येऊ लागला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याचीही मुभा मिळाली. ज्याची नोंद होते त्याची किंमत ठरते. ज्याची नोंद होत नाही त्याची किंमत दुसऱ्यांच्या अंदाजावर राहते. लाइनमनच्या डोक्याला प्रत्येक प्रयत्नात लहान-मोठे आघात बसतात, वर्षानुवर्षे साचत जातात, आणि त्यांचाही कोणताच रकाना सामन्याच्या तक्त्यात नसतो.

सव्वाशे वर्षांच्या या वाटचालीतून काही निष्कर्ष संभवतात. पहिला असा की, पासचा विकास हा जितका फेकणाऱ्यांच्या कौशल्याचा, तितकाच अडविणाऱ्यांना मिळालेल्या नियमांचा इतिहास आहे. १९१०, १९४५, १९६५ आणि १९७६ ते १९८५ हे त्यातील टप्पे होत. दुसरा असा की, क्वार्टरबॅकची कामगिरी मोजणारा रूढ निर्देशांक संरक्षणाबाबत मौन पाळतो, म्हणून त्यावरून व्यक्तीची योग्यता ठरविताना सावधगिरी हवी. तिसरा निष्कर्ष इतिहासाच्या अभ्यासकांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. नोंदवही पाहताना त्यात काय लिहिले आहे याबरोबरच, ती कोणी, कोणाला केंद्रस्थानी ठेवून आखली हेही पाहावयास हवे. पेनिक्सच्या अपूर्ण राहिलेल्या २४ पासांपैकी किती त्याचे आणि किती त्याच्या फळीचे, याचे उत्तर त्या सामन्याच्या अधिकृत तक्त्यात सापडत नाही. ते शोधण्यासाठी सामन्याचे चित्रीकरण पुन्हा पाहावे लागते, आणि त्या वेळी चेंडूवरची नजर काढून फळीकडे वळवावी लागते.